पाठारेसाहेबांच्या खिशातली पट्टी

पाठारेसाहेब कोणाच्या घरात शिरताना नमस्कार करत नसत. "आधी तुम्ही काय केलंत ते सांगा," असं म्हणतच ते उंबरा ओलांडत. कॉम्प्युटर बिघडला म्हणजे तो घरातल्याच कोणीतरी बिघडवला, आणि गुन्हेगार कबुली देईपर्यंत पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर निघणार नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. "काही केलं नाही हो, सकाळी बटण दाबलं तर चालूच होईना," असं कोणी म्हटलं की ते डोळे मिटून मान हलवत.

"असं होत नाही. मशीन स्वतःहून काही करत नाही."

मग घरातलं माणूस आठवून आठवून काहीतरी कबूल करी.

"परवा फडक्यानं पुसला होता."

"ओल्या?"

"जरासं ओलं होतं."

"बघा!"

हा "बघा!" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरत असे, ते कॉम्प्युटर दुरुस्त झाल्यावर कधी दिसलं नाही. अर्थात दुरुस्त झाल्याचा प्रसंगही क्वचितच येई.

रेवा आणि कबीर, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही शेवटचे अंबरनाथला आजी-आजोबांकडे आलात तेव्हा ते आपल्या बिल्डिंगमध्ये राहायला आले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर, आपल्या बरोबर वरचा फ्लॅट त्यांनी घेतला. मोरिवलीच्या बाजूला कारखाने आहेत, त्यातल्या एका केमिकल कंपनीत ते खरेदी विभागात होते. निवृत्त झाल्यावर उल्हासनगरला कुठल्याशा क्लासमध्ये त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचा छोटा कोर्स केला. त्याचं सर्टिफिकेट सोनेरी चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलं होतं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी ते सर्टिफिकेट वाचावं लागे. मी वाचलं. त्यात इंग्रजीच्या तीन चुका होत्या. मी काही बोलले नाही, कारण चुका क्लासच्या होत्या.

अंगात कायम पांढरा टेरिलिनचा शर्ट. वरच्या खिशात कंगवा, दोन पेनं, किल्ल्यांचा जुडगा आणि या सगळ्यात उभी खोचलेली एक हिरवी पट्टी. कॉम्प्युटरच्या आत रॅम नावाची बोटभर रुंदीची पट्टी असते. यंत्र काम करताना जे काही तात्पुरतं ध्यानात ठेवतं ते तिच्यात. ती खराब झाली तर यंत्र सुरूच होत नाही, नुसतं पीं पीं करतं. पाठारेसाहेबांच्या खिशातली पट्टी त्यांच्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरमधली होती. तिला ते "माझा टेस्टिंग पीस" म्हणत. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून मिरवतात, तशी ही पट्टी खिशातून दोन बोटं वर दिसेल अशी ठेवलेली. भाजी आणायला जातानाही.

त्यांची पद्धत सोपी होती. तुमच्या यंत्रातली पट्टी काढायची, आपली लावायची, बटण दाबायचं. यंत्र सुरू झालं तर तुमची पट्टी खराब. नाही झालं तर दोष पट्टीत नाही, म्हणजे मुख्य बोर्डात आहे. "मदरबोर्ड गेला," असं ते म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत. पद्धत मुळात चुकीची नाही. दोन वस्तूंतली एक नक्की चांगली आहे हे ठाऊक असेल तर दुसरीची परीक्षा करता येते. मी नोकरीत असताना नव्या कारकुनांना हिशेब ताडून बघायला हेच शिकवत असे. पण त्यात पहिली वस्तू चांगली आहे हे अधूनमधून तपासावं लागतं. पाठारेसाहेबांना तशी गरज कधी वाटली नाही. ती त्यांची होती, तेवढं पुरे होतं.

त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वांचेच मदरबोर्ड जात.

काम सुरू करताना ते एक स्टीलचं ताट मागत. स्क्रू ताटात. शेवटी सगळं बसवून झालं की ताटात एक-दोन स्क्रू उरतच. कोणी दाखवले की म्हणत, "कंपनी जास्तच देते." चपला घरभर वाजवत फिरत, कारण अनवाणी पायांनी शॉक बसतो. मात्र घरातल्यांनी चपला घातल्या तर म्हणत, "धूळ, धूळ! याच धुळीनं गेला तुमचा." एकदा सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर अंधारा झाला. पाठारेसाहेबांनी कमिटीला उभ्यानं मोठं व्याख्यान दिलं, पट्टी काढली, आपली घातली, पुन्हा होती ती लावली आणि निकाल जाहीर केला. सेक्रेटरी निराश होऊन खुर्चीत मागे रेलले. त्यांची पाठ भिंतीकडच्या वायरीवर दाबली गेली आणि पडदा लख्ख उजळला. मॉनिटरची वायर सैल होती. सगळे पाठारेंकडे बघायला लागले.

"मॉनिटर माझ्या कक्षेत येत नाही," पाठारे म्हणाले, आणि ताटातले स्क्रू गोळा करू लागले.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मीही हसले आहे. पण तळमजल्यावरच्या सुनंदा भोईरचं प्रकरण झालं आणि माझं हसणं संपलं.

सुनंदा माहेरची मोरिवलीची. नवरा गेल्यावर तिनं टायपिंग शिकून घरीच काम सुरू केलं होतं. वकिलांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर. तिचं मराठी टायपिंग इतकं स्वच्छ होतं की मला, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर लाल पेन्सिल फिरवलेल्या बाईला, त्यात फिरवायला जागा सापडत नसे. ऐन परीक्षांच्या तोंडावर तिचा कॉम्प्युटर मधूनच बंद पडायला लागला. ती पाठारेंकडे गेली. ते आले, त्यांनी कबुली घेतली ("देवाजवल उदबत्ती लावतंय, तवडाच धूर." "बघा!"), आपला पीस घातला. पीं पीं पीं. मदरबोर्ड गेला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण परोपकाराची हौस. ते स्वतः तिच्याबरोबर रिक्षानं उल्हासनगरला गेले, तो बोर्ड भंगारात देऊन टाकायला. पुढचं मला सुनंदानं सांगितलं. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर एकटाच. त्यानं बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "साईं, एक बार लगा के देख लूँ? दो मिनिट का काम है."

"मैंने देखा है," पाठारे म्हणाले.

"हाँ साईं, पर मेरे पास मशीन खुला पड़ा है..."

"मैं बोला ना, गया है! कोर्स किएला आदमी हूँ मैं."

गिऱ्हाईकच चांगला माल भंगार म्हणून देतंय, तर दुकानदार कशाला वाद घालेल? त्यानं बोर्ड मागच्या फळीवर ठेवला. सुनंदा म्हणाली, "काकू, त्यानं तो भंगाराचे पोत्यान नाय टाकला. नीट, पुसून ठेवला."

नवा बोर्ड घेणं तिला त्या महिन्यात जमलं नाही, पुढच्याही जमलं नाही. वकिलांनी काम स्टेशनजवळच्या दुकानात द्यायला सुरुवात केली. शाळेनं दुसरं कोणी शोधलं. सुनंदा मोरिवलीच्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. इतकी स्वच्छ लिहिणारी बाई दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. पाठारेसाहेब जिन्यात भेटले की तिला विचारत, "काय, घेतलं का मशीन? घ्या, घ्या. मी बसवून देईन."

आता आपल्या घराचं.

तुमच्या आजोबांची नजर मधोमध विझत गेली होती. कडेचं दिसे, समोरचं नाही. छापील अक्षर त्यांना शेवटी शेवटी मुंग्यांच्या रांगेसारखंही दिसेना. तुमच्या बाबांनी इथं असताना जुन्या कॉम्प्युटरवर अशी सोय करून दिली होती की पानावरचं एकेक अक्षर तळहाताएवढं होई, काळ्यावर पिवळं. आजोबा मान थोडी तिरकी करून ते वाचत. वर्तमानपत्र, त्यांनी जमवलेली भाषणं, तुमची पत्रं. एका ओळीला बराच वेळ लागे, पण वाचत. तुमच्या पणजीला अक्षरओळख नव्हती. शाळेतून आलेल्या मुलाला ती दारातच विचारी, "आज काय वाचलंस?" आणि मग कामाला लागे. त्या प्रश्नाला उत्तर नसलेला दिवस आजोबांना दिवसच वाटत नसे. त्यांना दुसरं यंत्र देऊन भागणार नव्हतं. कुठलं बटण कुठे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं, डोळ्यांना नव्हे.

आणि एका सकाळी तो कॉम्प्युटर सुरू होऊन मध्येच थिजला. पुन्हा केला, पुन्हा थिजला.

मी पाठारेंना बोलावणार नव्हते. आजोबांनीच बोलावलं. ते माणसांवर विश्वास ठेवत. मला ते कधी पटलं नाही, पण लग्न टिकलं.

"आधी तुम्ही काय केलंत ते सांगा."

"वाचत होतो," आजोबा म्हणाले.

"किती वेळ?"

"सकाळपासून."

"बघा! गरम झाला." त्यांनी ताट मागितलं, कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, आतली आमची पट्टी काढून ताटात ठेवली.

मी तोपर्यंत नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे कार्य असलं की घराघरातली पातेली, डबे, परात तिथं जातात. परत येताना घोळ नको म्हणून प्रत्येक घरानं भांड्याच्या बुडाला आपल्या रंगाचा ठिपका लावलेला असतो. आपला लाल, सुनंदाचा हिरवा. मी ताटातली पट्टी कडेनं उचलली आणि तिच्या वरच्या कोपऱ्यावर लाल ठिपका ठेवला.

"हे काय करताय मॅडम?"

"आपली वस्तू ओळखू यावी म्हणून."

"अहो, ही काय लग्नातली पातेली आहेत? हार्डवेअर आहे हे!" आजोबांकडे वळून ते हसले. "लेडीज लोकांना कळत नाही."

आजोबा हसले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग त्यांनी खोडरबर काढून आमच्या पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या. तेवढं एक काम ते बरं करत. दोन्ही पट्ट्या ताटात शेजारी शेजारी. खिशातली घातली, बटण दाबलं. पीं, पीं, पीं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, कोणी तंबोरा लावतंय अशा थाटात.

"साहेब, मदरबोर्ड गेला."

"काहीच नाही का होणार?" आजोबांनी विचारलं.

"वय झालं की जायचंच. यंत्र काय, माणूस काय." असं म्हणून त्यांनी ताटातून पट्टी उचलली, खिशात टाकली, डबा लावला आणि चहा घेऊन गेले.

त्या दिवशी आजोबा अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. रेडिओ लावू का म्हटलं, तर नको. जेवताना म्हणाले, "चालायचंच." त्यांच्या तोंडून हा शब्द मी आधी ऐकला नव्हता. तो पाठारेंनी आमच्या घरात आणून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी मी डबा पुसायला घेतला. स्क्रू उरलेले असल्यामुळे बाजूचं झाकण हातानंच निघालं. आत पट्टी होती. तिच्यावर ठिपका नव्हता.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. पाठारेसाहेब झोपाळ्यावर बसून पोहे खात होते.

"खिशातली पट्टी दाखवा."

"कुठली? हा माझा टेस्टिंग पीस आहे मॅडम."

"दाखवा तर."

त्यांनी खिशातून काढली. किल्ल्यांमध्ये अडकलेली. कोपऱ्यावर लाल ठिपका.

"अरेच्चा. अदलाबदल झाली वाटतं. काही फरक नाही हो, दोन्ही सारख्याच."

"सारख्या असतील तर खाली येऊन लावून दाखवा."

जिन्यात सुनंदा भेटली. रविवार होता, ती घरी होती. मी तिला म्हटलं, तूही ये. का म्हटलं ते तिनं विचारलं नाही.

पाठारेंनी आमची पट्टी खाचेत बसवली. दोन्ही बाजूंनी अंगठे दाबले, टक् असा आवाज झाला. बटण दाबलं. एकच छोटी पीं, आणि मग पडदा उजळला. आजोबांनी मान तिरकी केली. तळहाताएवढी पिवळी अक्षरं एकेक करून वर आली आणि आजोबांनी मोठ्यानं वाचलं, "आज... चे... हवामान." मग चष्मा काढून नुसता हातात धरला.

पट्टी खाचेत सैल झाली होती, इतकंच. घासून नीट बसवली, झालं काम.

"बघा!" पाठारे म्हणाले. "काल मी साफ केलं त्याचा परिणाम."

"आता तुमची लावा," मी म्हटलं.

"कशाला? चालू झालं ना?"

"लावा की हो पाठारे," आजोबा हळूच म्हणाले. "बघू तरी."

त्यांनी लावली. पीं, पीं, पीं. आमची लावली. चालू. पुन्हा त्यांची. पीं, पीं, पीं. आजोबांचं यंत्र, दोन पट्ट्या, चार माणसं साक्षीला. यापेक्षा स्वच्छ परीक्षा मला ठाऊक नाही. नव्या रॅमच्या पाकिटावर इंग्रजीत छापलेलं असतं, की ही चंदेरी पिशवीतच ठेवा, धातूला आणि कृत्रिम धाग्याच्या कपड्याला लावू नका, अंगावरच्या विजेनं ती मरते. ही पट्टी त्या टेरिलिनच्या खिशात, कंगवा आणि किल्ल्यांच्या सहवासात कधी मेली होती कोण जाणे. त्या मेलेल्या पट्टीला साक्षीला ठेवून या माणसानं बिल्डिंगभरच्या जिवंत यंत्रांना मृत्यूचे दाखले वाटले होते.

मला वाटलं, आता तरी. माणूस आहे, चूक होते. मी चहा टाकायलाही उठत होते.

पाठारेसाहेबांनी पट्टी काढली, प्रकाशात धरली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "तुमचा बोर्ड माझा पीस ॲक्सेप्ट करत नाही."

मग दारातून सुनंदाचा आवाज आला.

"साहेब, मंग माझा बोर्ड चांगला व्हता?"

ते तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. स्क्रू ताटातून वेचत म्हणाले, "तुमची केस वेगळी होती."

"कशी वेगली?"

"टेक्निकल आहे. तुम्हाला नाही समजायचं."

सुनंदानं पदर खोचला. वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं. पण ती म्हणाली, "काकू, मी निंगतंय, कुकर लावलाय," आणि जिना उतरून गेली. तिच्या घरून कुकरची शिट्टी काही मला ऐकू आली नाही.

अज्ञानाचा मला तिटकारा नाही. मी अडाणी माणसांत वाढले आणि त्यांच्यातली काही फार मोठी माणसं होती. तिटकारा आहे तो कानांनी ऐकलेलं न ऐकण्याचा. स्वतःच्या खिशातली वस्तू खराब असू शकते एवढं मान्य करायला त्यांना कोणताही कोर्स लागला नसता. त्यांनी ती पट्टी पुन्हा खिशात ठेवली. आमच्या डोळ्यांदेखत. वर दोन बोटं दिसेल अशी.

आजोबा मला म्हणाले, "राहू दे गं. एकटा माणूस आहे." मी राहू दिलं नाही. मी बिल्डिंगमध्ये दारोदार जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, "पण फुकट बघतात हो ते." तुमच्या बाबांना मात्र यातलं काही कळवलं नाही. दूर असलेल्या माणसाला घरातल्या कटकटी कळवायच्या नाहीत, हा आम्हा दोघांचा नियम होता.

आजोबा त्याच यंत्रावर वाचत राहिले. दवाखान्यात नेलं त्या सकाळीही वाचत होते. पडदा सुरूच राहिला होता, तो मी संध्याकाळी येऊन बंद केला.

आजोबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, चारदोन जण आजोबांविषयी बोलले. तुमचे बाबा विमानतळावरून तसेच आलेले, डोळे लाल, कोणाला ओळखत होते, कोणाला नाही. तेवढ्यात पाठारेसाहेब उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं. पांढरा शर्ट. त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"साहेबांना वाचनाचं फार वेड. हे मशीन मेलं होतं. सगळ्यांनी आशा सोडली होती. मी स्वतः या हातांनी चालू करून दिलं. शेवटच्या दिवसापर्यंत वाचलं त्यांनी. एवढं तरी करता आलं मला." त्यांचा आवाज भरून आला. मी नीट बघत होते. डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

भिंतीपाशी सुनंदा बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि समोर फुलांमध्ये आजोबांचा फोटो होता, भंतेजी बसलेले होते, लोक माना हलवत होते.

तोवर तुमचे बाबा पुढे झाले. ते त्या माणसापुढे वाकले आणि त्यांनी त्याचे पाय धरले.

पाठारेसाहेबांनी घाई केली नाही. आधी खिसा सारखा केला, मग तुमच्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.